तक्रार पत्र: करवतीचा फेन्स वाकडा आहे, आणि कोनाचा काटा शून्यावर आणून तो सरळ होत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(एक प्रत गुणवत्ता तपासणी विभागाला, असा विभाग असल्यास)

विषय: 254 मिमी स्लायडिंग मायटर सॉ (कोनात काप घेणारी सरकती करवत), फेन्समधला दोष, चौथ्यांदा

महोदय,

स.न.वि.वि. वगैरे गृहीत धरा. तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवून अर्धा तास झाला आहे. पत्र शांतपणे लिहायचं असं ठरवूनच बसलो आहे, कितपत जमतं ते तुम्हीच पाहा.

तक्रार एका वाक्यात सांगतो, कारण चार फोनमध्ये कुणी एक वाक्यही पुरतं ऐकून घेतलं नाही. तुमच्या करवतीच्या फेन्सचा, म्हणजे कापताना फळी जिला टेकवतात त्या मागच्या आडव्या पट्टीचा, डावा भाग आणि उजवा भाग एका रेषेत नाहीत. बस्स. मोटर उत्तम, पातं ठीक, आवाजाबद्दल तक्रार नाही. फेन्स वाकडा आहे.

हे मला कसं कळलं तेही सांगतो, म्हणजे "सर, तुम्ही नीट तपासलं का?" हा प्रश्न पाचव्यांदा यायला नको. आधी प्लग काढला. मग करवतीच्याही आधी गुण्या (काटकोन तपासायचं साधन) तपासला: सरळ कडेच्या फळीवर एक रेघ मारली, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारली, दोन्ही एकावर एक बसल्या. मगच तो पात्याला लावला, आणि तोही दातांना नाही. दात पात्याच्या अंगापेक्षा किंचित जाड असतात, म्हणून गुण्या दोन दातांच्या मधल्या सपाट पत्र्याला टेकवावा लागतो. हे तुम्हाला सांगायची गरज नसावी. तुमच्या प्रतिनिधींना मात्र ते मलाच सांगावं लागलं.

खोक्यातून काढली तेव्हा करवत डावीकडेही काटकोनात नव्हती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. यंत्र लांबून येतं, वाटेत हादरे बसतात, पहिल्या दिवशी सगळं जुळवून घ्यावं लागतं हे मान्य आहे. ज्या प्लेटच्या खाचांत करवतीचा दांडा ठरावीक कोनांवर अडकतो तिचे स्क्रू ढिले केले, दांडा शून्याच्या खाचेत ठेवून पातं डाव्या फेन्सला काटकोनात आणलं आणि एक-एक स्क्रू थोडाथोडा आवळला, कारण एकच पूर्ण आवळला की प्लेट सरकते. टेबलाशी काटकोनही पाहिला, बेव्हलच्या (पातं बाजूला झुकवण्याच्या कोनाच्या) शून्याचा थांबा पाव फेरा फिरवावा लागला. वीस मिनिटांचं काम. ही रचना चांगली केली आहे तुमच्या लोकांनी, हे मोकळेपणाने लिहितो. या पत्रातलं कौतुक एवढंच आहे.

मग चाचणीचा काप घेतला. 100 मिमी रुंद, दोन्ही कडा समांतर असलेली फळी डाव्या फेन्सला टेकवून कापली, एक तुकडा पालथा घातला आणि दोन्ही कापलेली टोकं एकमेकांना भिडवली. या चाचणीत चूक दुप्पट होऊन दिसते, लपायला जागा नसते. फट नाही. तीच फळी, तेच पातं, दांड्याला हातही न लावता उजव्या फेन्सला टेकवून कापली. भिडवलेल्या टोकांमध्ये फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या संचातली) 0.9 मिमीची पाती सहज आत गेली.

एकच पातं, एकच खाच, आणि दोन बाजूंना दोन वेगळे काटकोन. तेव्हाच कळलं की गडबड पात्यात नाही. स्टीलची सरळपट्टी डाव्या फेन्सला क्लॅम्पने घट्ट बसवली आणि ती उजवीकडे कशी जाते ते पाहिलं. मध्यापाशी टेकते, नंतर फट वाढत जाते आणि 260 मिमीवर, उजव्या टोकाला, 1.2 मिमी होते. हिशोब केला तर साधारण 0.26 अंश. फळीवर मिळालेला आकडा याच्याशी तंतोतंत जुळतो. तुमच्या कुठल्याही इंजिनिअरने हा हिशोब कागदावर करून पाहावा, दोन मिनिटं लागतील. माझे सहा आठवडे गेले.

बाकीचे संशयितही सोडलेले नाहीत. पातं काढून फ्लॅन्ज (पातं धरणाऱ्या चकत्या) पुसले, 60 दातांचं दुसरं पातं लावलं, करवतीचं डोकं धरून हलवून सांध्यात ढिलेपणा आहे का पाहिलं, स्लाइडचे रॉड पाहिले. फेन्स काढून खाली धूळ किंवा ओतकामाची कूस राहिली आहे का तेही पाहिलं, नव्हती. चारही बोल्ट ढिले करून अख्खा फेन्स फिरवूनही पाहिला. उजवी बाजू जुळली की डावी बिघडते, कारण दोन्ही भाग एकाच ओतीव तुकड्याचे आहेत. फेन्सचा कोन जुळवता येतो. ओतकामातलं वाकण जुळवता येत नाही, ते फक्त या बाजूचं त्या बाजूला ढकलता येतं.

आता तुमचे फोन. पहिल्या वेळी सांगण्यात आलं की कोन दाखवणारा काटा शून्यावर आणा. दुसऱ्या वेळी वेगळ्या व्यक्तीने सांगितलं की काटा शून्यावर आणा. तिसऱ्या वेळी लेझरची रेघ जुळवायला सांगितलं. हा बदल मला प्रगती वाटला, पण लेझर तरी काय करणार? पातं जिथे उतरणार तिथे तो उजेड पाडतो, पातं सरळ करत नाही. आणि काटा तर नुसता बाण आहे. तो एका स्क्रूवर बसलेला असतो, कुठेही वळवा, करवत जशी कापायची तशीच कापते. घड्याळाचे काटे पुढे केले म्हणून गाडी वेळेवर येत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तरी इथपर्यंत मी समजूतदार होतो. आजचा चौथा फोन मात्र सविस्तर सांगतो, कारण तो तुमच्याकडे "संवादाच्या दर्जासाठी" रेकॉर्ड झाला आहे आणि कुणीतरी तो ऐकावा अशी इच्छा आहे.

मागच्या आठवड्यात मला फोटो पाठवायला सांगितलं होतं. सरळपट्टी आणि फेन्स यांच्यामधली फट फोटोत दिसावी म्हणून मी मागून बॅटरी धरली. उजेडाची रेघ मध्यापासून टोकापर्यंत रुंद होत गेलेली स्वच्छ दिसते. तीन फोटो पाठवले. आज प्रतिनिधी म्हणाले, "सर, फोटो पाहिले. त्यात फट दिसत नाही."

मी म्हणालो, "पट्टीच्या खाली पांढरी रेघ दिसते ना?"

"हो, पण तो उजेड आहे सर."

"उजेड कुठून येतोय?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटलं, पोहोचलो आपण. मग ते म्हणाले, "बॅटरीतून."

मी फोन कानापासून दूर धरला आणि पुन्हा लावला. सांगितलं की पट्टी फेन्सला टेकली असती तर उजेड अडला असता, तो येतो याचाच अर्थ मध्ये जागा आहे. यावर ते म्हणाले, "सर, उजेड तर कुठूनही येऊ शकतो. आम्हाला फट दाखवणारा फोटो लागेल." मी विचारलं, फट म्हणजे रिकामी जागा, रिकाम्या जागेचा फोटो कसा काढू? ते म्हणाले, "तो तुमच्या बाजूने प्रयत्न करावा लागेल."

मग फिलर गेजच्या फोटोचा विषय काढला, ज्यात पाती आत गेलेली आहे आणि तिच्यावरचा आकडाही वाचता येतो. त्यावर उत्तर: "सर, ती पाती तुम्ही घातली आहे ना?"

हो. मीच घातली. ती आपण होऊन शिरली नाही.

शेवटी त्यांनी विचारलं की सध्या काम कसं करताय. मी, नसता प्रामाणिकपणा म्हणा, खरं सांगून टाकलं: फेन्सवर एमडीएफची सरळ पट्टी स्क्रूने बसवली आहे, उजवीकडे तिच्यामागे टेपचे थर देऊन ती डाव्या बाजूच्या रेषेत आणली आहे, आणि काप आता बरोबर येतो. पट्टी 18 मिमी जाड असल्याने रुंद फळी कापायची क्षमता तेवढी घटली, तेही सांगितलं. प्रतिनिधी एकदम खूश झाले. "मग प्रश्न सुटला ना सर!" मी काही बोलायच्या आत तक्रार निकाली निघाली. फोन ठेवल्यावर एका मिनिटात संदेश आला की आमच्या सेवेने आपलं समाधान झाल्याचा आम्हाला आनंद आहे.

म्हणजे दोष तुमचा, दुरुस्ती माझी आणि आनंद पुन्हा तुमचा.

त्याच फोनवर मधेच असंही ऐकवण्यात आलं की पाव अंशाचा फरक "एवढा बघायचा नसतो". महोदय, तुमच्या करवतीवर 22.5 अंशाला खाच आहे. 31.6 अंशाला खाच आहे, बेव्हलच्या पट्टीवर 33.9 अंशाची खूण आहे. छताच्या कडेची नक्षीपट्टी टेबलावर आडवी ठेवून कापता यावी म्हणून हे आकडे तुम्हीच कोरले आहेत. अंशाचा दहावा भाग धातूत कोरणाऱ्या कंपनीचा माणूस मला पाव अंश सोडून द्यायला सांगतो. मग ती खाच 32 ला करा आणि मोकळे व्हा.

पाव अंश कुठे जातो ते मला रोज दिसतं. मी चौकटी करतो. चौकटीला आठ काप लागतात, पट्टीचं एक टोक डावीकडून आणि दुसरं उजवीकडून कापलं जातं. डावीकडचे चार बरोबर, उजवीकडचे चार प्रत्येकी 0.26 अंशांनी चुकलेले. तीन कोपरे घट्ट बसवले की सगळी चूक चौथ्यात गोळा होते, एक अंशाहून थोडी जास्त. पट्टी 50 मिमी रुंद असेल तर सांध्याची लांबी साधारण 70 मिमी, आणि त्याच्या एका टोकाला 1.3 मिमीची फट. ती फट पुट्टीने बुजवता येते, पण मग तो सांधा राहत नाही, पुट्टी राहते.

आणि तरीही मला काटा शून्यावर आणायला सांगितलं जातं. काटा शून्यावर आहे! पहिल्या दिवसापासून आहे! या करवतीत निर्विवाद बरोबर असलेली तेवढी एकच गोष्ट आहे.

राग थोडा बाजूला ठेवून सांगतो, वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणाने. तुमचीच जुनी, लहान, न सरकणारी करवत माझ्याकडे अकरा वर्षं आहे. आज तिच्या फेन्सला हीच सरळपट्टी लावून पाहिली. फिलर गेजची सगळ्यात पातळ पाती, 0.05 मिमीची, कुठेच आत गेली नाही. ती बनवणारी माणसं तुमच्याकडे होती. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी इतकी वर्षं तुमचंच नाव सांगत आलो. परवा एकाने विचारलं, कुठली घेऊ, तर मी विषय बदलला.

मला काय हवं आहे: नवा फेन्स, आणि पाठवण्याआधी कुणीतरी त्याला सरळपट्टी लावलेली असावी. नुसता "बदली भाग" नको, कारण त्याच साच्यातून दुसरा वाकडा तुकडा आला तर आपण दोघेही पुन्हा इथेच येऊ. हे जमत नसेल तर यंत्र परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या. "कॅलिब्रेशन वॉरंटीत येत नाही" हे वाक्य कृपया पुन्हा पाठवू नका. कॅलिब्रेशन मी केलं आहे, तुमच्यापेक्षा चांगलं केलं आहे. वाकडं ओतकाम हे कॅलिब्रेशन नव्हे, तो उत्पादनातला दोष आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर पुढचं पत्र वकिलाचं असेल, आणि ते इतकं लांब नसेल.

या पत्राला उत्तर देणाऱ्याने निदान एकदा मायटर सॉला हात लावलेला असावा, एवढी विनंती.

आपला,
(आज तरी) ग्राहक

ता.क. फोटो पुन्हा जोडत नाही. ते तुमच्याकडे आहेत. ज्यांत उजेड आहे, तेच.

ता.क. 2. हे लिहीत असताना सेवेला पाचपैकी गुण द्यायची आठवण करणारा संदेश आला. शून्य देण्याची सोय नाही, एकापासून सुरुवात होते. तुमचा काटा तिथे मात्र शून्यावर येत नाही.