फोटोखालची ओळ दुरुस्त करा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं उजनी धरणाचं पान पाहिलं. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी अगदी तळाला उतरलं, की पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं, आणि देऊळ वर आलं की तुमचे छायाचित्रकार येतात, हे आम्हा काठच्या लोकांना आता पाठ झालंय. ड्रोनने काढलेला शिखराचा फोटो झकास आलाय, त्याबद्दल अभिनंदन. माझी तक्रार त्याच पानावर खाली, डाव्या कोपऱ्यात आहे.

तिथे एक कृष्णधवल फोटो छापलाय. त्याखालची ओळ अशी : 'धरणपूर्व ग्रामजीवन, सुमारे 1980. अज्ञात कुटुंब. (खासगी संग्रह)'.

अज्ञात? अहो, ते आमचं घर आहे! मधोमध मुंडावळ्या बांधून उभी आहे ती माझी थोरली आत्या. तिच्या डाव्या अंगाला उन्हाने डोळे बारीक केलेली आजी, पदर दातात धरलेली धाकटी काकू, आणि अगदी कडेला चेहरा पुसट आलेत ते माझे चुलते. फोटोवाला 'हलू नका' म्हणाला की ते हटकून हलायचे, घरातल्या एकाही फोटोत त्यांचं तोंड धड आलेलं नाही. मागे पारावर घोंगडं वाळत पडलंय, ते कोणत्या आळीतलं तेही आत्या आज सांगेल. विचारलं असतंत तर.

आणि 1980 कुठून काढलंत? त्या साली धरण पुरं झालं. पाणी तर त्याच्याही आधीपासून अडत होतं. म्हणजे तुमच्या हिशोबाने आत्याचं लग्न पाण्याखाली लागलं. वऱ्हाड बहुधा होडीतून आलं असेल.

आता हा 'खासगी संग्रह' कुणाचा, तेही सांगतो. शहरातल्या एका संस्थेची मुलं मध्यंतरी गावात आली होती. वारसा जपायचा आहे म्हणाली. बोलायला गोड, चहा घेतला, आईच्या पाया पडली. आठ दिवसांत स्कॅन करून आणून देतो म्हणाली. आईने स्वतः खुर्चीवर चढून तसबीर उतरवली, काच पदराने पुसली आणि हातात दिली. त्यानंतर फोन केला की सर मीटिंगमध्ये असतात. भिंतीचा रंग धुराने पार काळवंडलाय, तेवढा तसबिरीच्या मापाचा चौकोन अजून लख्ख निळा आहे. आल्यागेल्याला विचारल्याशिवाय राहवत नाही, इथे काय होतं म्हणून.

गंमत अशी की त्या तसबिरीच्या मागच्या पुठ्ठ्यावर आजोबांनी शिसपेन्सिलीने सगळ्यांची नावं मोडीत लिहिली होती. वारसा जपणाऱ्यांनी स्कॅन फक्त पुढच्या बाजूचंच केलं असणार.

गाव उठलं तेव्हा लोकांनी दारं, चौकटी, तुळया काढून बैलगाडीत घातल्या. आजीने तसबिरी गोधड्यांत गुंडाळून मांडीवर घेतल्या, नव्या गावठाणात येईपर्यंत खाली ठेवल्या नाहीत. भूसंपादनाच्या कागदांवर खातेदार आहेत, गट नंबर आहेत, विहिरी आणि झाडांच्या किमतीसुद्धा आहेत. आत्याचं नाव ना त्या कागदांवर, ना सातबाऱ्यावर. ती त्या गावची लेक, याला पुरावा म्हणून एवढा एक फोटो होता. तोही आता कुणाच्या तरी संग्रहात आणि तिथे ती अज्ञात. अशी घरं आमच्या एकट्याची नाहीत. धरणग्रस्तांच्या कुठल्याही वस्तीत जाऊन भिंतीकडे बघा, जुनं गाव खिळ्याला टांगलेलं दिसेल. त्यासाठी ड्रोन लागत नाही.

त्याच पानावर फ्लेमिंगोंचाही फोटो आहे. त्यांची मात्र नाव-गावासकट चौकशी झालीय. कच्छातून येतात, काय खातात, पंखांना गुलाबी रंग कशाने चढतो, सगळं चौकट टाकून दिलंय. पाहुण्यांचं कौतुक करावं, ना नाही. पण ज्यांची रानं त्या पाण्याखाली गेली त्यांच्या वाट्याला निदान एक नाव तरी?

जाता जाता आणखी एक. देवळाचा फोटो छापताना 'वीकेंडला अवश्य भेट द्या' असं लिहायची काय घाई होती? पाणी ओसरलेल्या जमिनीत लोकांनी गाळपेर केलीय, जनावरांसाठी मका टाकलाय. रीलवाले त्यातूनच गाड्या घालतात. दगडी खांबांवर चढतात, खडूने नावं लिहितात. हटकलं तर तुमच्याच पेपरचं पान मोबाइलवर दाखवतात.

तर विनंती अशी : पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच आकारात तो फोटो पुन्हा छापा आणि खाली नावं द्या. नावं मी सोबतच्या चिठ्ठीत डावीकडून उजवीकडे लिहिली आहेत. पुसट आहेत त्या चुलत्यांचंही लिहिलंय. फोटो ज्या संस्थेकडून मिळाला तिलाही तुमच्यामार्फत निरोप द्या, की मूळ तसबीर काचेसकट आणि पुठ्ठ्यासकट हवी आहे, पेन ड्राइव्ह नको.

आणि दुरुस्ती छापाल त्या दिवशी पुरवणी आमच्या गावात पोचेल असंही बघा. रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारी येते, तीही स्टँडवरच्या हॉटेलात भज्यांखाली जायच्या आत गाठली तर.

आपला,
एक धरणग्रस्त वाचक
ता. इंदापूर, जि. पुणे