प्रलयकथांतली माणसे त्या रात्री दिसली नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला जगबुडीच्या कादंबऱ्या आणि मालिकांवरचा लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो आपणच काही चुकीचे तर वाचले नाही ना, याची खात्री करायला. तसे झाले नव्हते.

लेखकाचे वाचन दांडगे आहे, ते मान्य. पण वीज, पाणी आणि पोलीस नाहीसे झाले की चार दिवसांत माणसातले जनावर बाहेर येते आणि तेच त्याचे खरे रूप, हे त्यांनी सिद्ध झालेल्या गोष्टीसारखे लिहून टाकले आहे. कशाच्या आधारावर? तर कथांच्या. रचलेल्या गोष्टीत शेजारी शेजाऱ्याचा गळा धरतो, म्हणून आपणही धरणार? मी ३१ वर्षे समाजशास्त्र शिकवले. पहिल्या वर्षाच्या मुलाने असा पुरावा दिला असता, तर त्यालाही मी पुन्हा लिहून आणायला सांगितले असते.

आणि हे छापले कुठे, तर नागपुरात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराची पहाट ज्यांनी अंगावर घेतली, त्यांच्याच दारात हा अंक पडतो.

त्या रात्री आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या होत्या. आदल्या दिवशी पूजन झालेले, जेवणाच्या पंगती उठता उठता रात्र झालेली, घर थकून झोपलेले. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी गल्लीत शिरली. यातले आम्हाला काहीच कळले नाही. जाग आली ती दारावरच्या धडकांनी. कोपऱ्यावरच्या गणपतीच्या मंडपात राखणीला झोपणारी मुले होती ती. त्यांच्या स्पीकरबद्दल मी दोनच दिवस आधी पोलिसांना फोन केला होता आणि तो मी केला, हे त्यांना ठाऊक होते.

'काकू, दार उघडा जी, पानी आलं न! आजोबाले आम्ही घेतो, तुम्ही मेन लाइन बंद करा!'

सासरे तेव्हा ८८ वर्षांचे, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. घरात मांडीपर्यंत पाणी. चौघांनी त्यांना गादीसकट उचलले आणि जिन्याने वरच्या बिऱ्हाडात नेले. उचलताना त्यांचे धोतर सुटले. तेवढ्या धांदलीत, अंधारात, एका मुलाने खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या कमरेवर टाकला आणि मग पुढचे पाऊल उचलले. तुमच्या लेखकाला माणसाचे खरे रूप हवे आहे ना? पोलीस नव्हते, वीज नव्हती, मोबाइलने चित्र काढणारे कोणी नव्हते. मी ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून पाहिले आहे.

त्यातलाच एक मुलगा परत खाली उतरला. गल्लीतली म्हातारी कुत्री समोरच्या आवारभिंतीवर चढून रडत होती. मी वरून ओरडले, 'जाऊ नको रे, तिच्यासाठी जीव घालवू नको.' शिकलेली-सवरलेली मी हे ओरडत होते. त्याने ऐकले नाही. कुत्री खांद्यावर घेऊन तो आला तेव्हा थरथरत होता. या मालिकांमध्ये असा परत फिरणारा माणूस हटकून पहिला मरतो, आणि बघणाऱ्याने त्यातून घ्यायचा धडा असा की शहाण्याने मागे वळू नये. स्वर्गाच्या दारात धर्मराजाला इंद्र हेच सांगत होता, कुत्रा सोड आणि रथात बस. त्याने कुत्रा सोडला नाही, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आणि विसरलो. बाहेरचेच उदाहरण हवे असेल तर मेरी शेलीची १८२६ मधली 'द लास्ट मॅन' घ्या. साथीने सगळी माणसे संपल्यावर उरलेला एकटा माणूस शेवटी होडीत बसतो, तो एका कुत्र्याला बरोबर घेऊन. इतक्या लांब लेखात या कादंबरीला दोन ओळी मिळू नयेत?

सकाळी वरच्या मजल्यावर आम्ही २२ माणसे होतो. मागच्या वस्तीतली पाच कुटुंबे, त्यांची लेकरे. खाली पुरण, कढी, आंबील, सगळे गढूळ पाण्यात गेलेले. महालक्ष्म्यांच्या माथ्यावर टांगलेला फुलोरा मात्र कोरडा होता. विसर्जनाआधी फुलोऱ्याला हात लावत नाहीत. आमच्या सासूबाई सोवळ्याच्या फार कडक. त्यांनीच वरून हाक मारली, 'काढा तो फुलोरा, लेकरं उपाशी आहेत.' मुलांनी पाण्यातून जाऊन करंज्या आणि पापड्या पदरात, टोपीत, जे हाती लागेल त्यात भरून आणल्या. पहिली करंजी कोणाला द्यायची यावर वाद झाला, तो प्रत्येकजण दुसऱ्याचे नाव घेत होता म्हणून.

मी भाबडी नाही. याच शहरात एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या साथीत, एका इंजेक्शनसाठी लोकांना काळ्या बाजारात नाडले गेले, ते मला माहीत आहे. पुरानंतर तिसऱ्या दिवशी आमच्याच भागात पाण्याचा कॅन तिप्पट भावाने विकणाराही होता. पण त्याचे दुकान चालू होते आणि रस्ता मोकळा झाला होता. सगळे कोसळलेले होते तेव्हा तो दिसला नाही. आपत्तीत माणसे कशी वागतात, याच्या अभ्यासासाठी ओहायो स्टेट विद्यापीठात १९६३ साली स्वतंत्र केंद्र निघाले. तिथले समाजशास्त्रज्ञ क्वारंटेली आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे पूर, भूकंप, वादळे यांच्या जागी जाऊन लोकांना भेटत राहिले. सैरावैरा पळणारा, एकमेकांना तुडवणारा जमाव त्यांना क्वचितच सापडला. वाचवायला सर्वांत आधी शेजारीच धावतात, हे मात्र पुन्हा पुन्हा आढळले. आपल्याच जिल्ह्यातल्या मोवाडला ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीने २०० हून अधिक माणसे नेली. नरखेड तालुक्यातल्या कोणाही साठीच्या माणसाला विचारा, त्या दिवशी पहिली भाकरी कोणी दिली. लेखकाने कोणालाच विचारले नाही, हा माझा राग आहे.

आणखी एक. 'पोस्ट-अपोकॅलिप्टिक' हा शब्द त्या लेखात मी अकरा वेळा मोजला. प्रलय आणि कल्पान्त या शब्दांत काय कमी होते? शब्द घेतला असता तर त्याच्यामागची गोष्टही आठवली असती. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युगाच्या अखेरीला माणसे कशी बिघडतील ते सांगतो, लेखकाला आवडेल इतक्या कठोरपणे सांगतो. पण तो तिथे थांबत नाही. सगळीकडे पाणीच पाणी झाल्यावर त्याला वडाच्या फांदीवर एक बालक दिसते, आणि त्या बालकाच्या पोटात शिरल्यावर नद्या, नगरे, आपापली कामे करणारी माणसे, सगळे जसेच्या तसे दिसते. आपल्या प्रलयकथेत हा भाग का आहे, यावर कोणीतरी पुरवणीत लिहावे.

शेवटी जुनी तक्रार. पुरानंतरच्या आठवड्यात मी आपल्याच दैनिकाला पत्र लिहिले होते. त्यात या मुलांबद्दल सविस्तर होते, टॉवेलचेही होते. छापून आल्या पाच ओळी, त्याही नाल्यातल्या गाळाबद्दलच्या. गाळाचा प्रश्न खरा होता, माझी हरकत नाही. पण अंक घेऊन मी मंडपात गेले होते, त्या मुलांना दाखवायला. त्यांनी वाचले, घडी घालून परत दिले, 'चांगलं लिहिलं काकू' म्हणाले. मला मान वर करवेना. सासरे पुढच्या वर्षी गेले, तेव्हाही खांदा द्यायला हीच मुले होती.

या वेळी जागा कमी पडली तर मार्कंडेय काढा, क्वारंटेली काढा. मुलांचे परिच्छेद मात्र पूर्ण छापावेत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, अंबाझरी ले-आउट परिसर, नागपूर