पावतीपुस्तकाला गेटवर अडवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गावाकडून पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींच्या एका वसतिगृहासाठी आमच्या परिचयातल्या एक काकू बँकेत नोकरीला होत्या तेव्हापासून देणग्या गोळा करतात. मानधन नाही, रिक्षाभाडंही पदरचंच. आता सत्तरी उलटली आहे. यंदा दिवाळीआधी आमच्याकडे आल्या त्या वैतागूनच. गेटवर पहारेकरी विचारत होता, "कुठला फ्लॅट?" आणि काकू सांगत होत्या, "सगळेच." त्याच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपला हे उत्तर चालत नाही.

त्याचा काही दोष नाही. संस्थेच्या नावावर पैसे उकळणारे फिरतात, हेही खरं. पण वाडे पडून इमारती उभ्या राहिल्या, तसा या माणसांचा रस्ताच बंद होत चालला आहे. गणपतीची वर्गणी बिनबोभाट आत येते, कारण मंडळ सोसायटीतल्याच पोरांचं असतं!

"क्यूआर कोड आहे ना, मग दारोदार कशाला?" असं आमच्या कमिटीतल्या एकांनी विचारलं. कोड काकूंकडेही आहे, पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावरच चिकटवलेला. पण ज्याने द्यायचं आधीच ठरवलंय, तोच कोड स्कॅन करतो. ज्याच्या मनातही नव्हतं त्याच्याकडे मागायला माणूसच लागतो. आणि मागणं सोपं नसतं. तोंडावर दार लावून घेणारे भेटतात, "पुढच्या महिन्यात या" म्हणणारे तर दर महिन्याला तेच म्हणतात.

काकूंची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी पावती लिहायची, मग पैसे घ्यायचे. पन्नास रुपये असले तरी रक्कम अंकी आणि अक्षरी, दोन्ही. कार्बन सरकला तर पावतीवर 'रद्द' लिहितात, पण फाडून टाकत नाहीत. दोन्ही प्रती पुस्तकातच राहतात, कारण ऑडिटर क्रमांक लावून बघतो. हे चालू असताना गप्पा होतात. कुठला मुलगा सीएच्या परीक्षेला बसलाय, मेसमध्ये गहू किती लागतो, आजोबांच्या पुण्यतिथीला मुलांना एक वेळचं जेवण द्यायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. आमच्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे सर अशाच गप्पांतून वसतिगृहात शिकवायला जाऊ लागले. ते कुठल्या कोडने झालं असतं?

मोठ्या कंपन्यांना कायद्याने सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. तो पैसा मोठा, पण पाटी लावता येईल अशा इमारतीकडे किंवा संगणकांकडे त्याचा ओढा जास्त. विजेचं बिल, डाळ-तांदूळ, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार यांना पाटी लागत नाही. तिथे पन्नास-शंभर रुपयेवालेच कामी येतात. ही माणसं करसवलतीसाठी देत नाहीत. नव्या करप्रणालीत देणगीवरची वजावट तशीही मिळत नाही.

आमच्या कोथरूडला तरी हे परकं वाटू नये. महर्षी कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला तो फर्ग्युसनमध्ये गणित शिकवता शिकवता, लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवून. 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढून ते पुन्हा वर्गणी मागायला निघाले. आज त्यांना आमच्या गेटवर फ्लॅट नंबर विचारला गेला असता.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक सोसायटीने वर्षातला एक रविवार अशा स्वयंसेवकांसाठी ठेवावा. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, संस्थेचं पत्र आणि ओळखपत्र कमिटीने आधी तपासावं, दिवस सूचनाफलकावर लावावा आणि लिफ्टजवळ एक टेबल व दोन खुर्च्या द्याव्यात. द्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. आणखी एक: शाल-श्रीफळ देऊन काकूंचा सत्कार करण्याची टूम सध्या निघाली आहे. त्यापेक्षा निवृत्त झालेल्या कोणी त्यांच्याकडून एक पावतीपुस्तक मागून घ्यावं. त्यांचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत.

आमच्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेसाठी हा विषय मी सचिवांकडे लेखी दिला आहे. इतर सोसायट्यांनी असं काही आधीच केलं असेल, तर त्यांनी आपल्या दैनिकात जरूर कळवावं. सभेत सांगायला उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे