गरिबाचा कोपरा

प्रिय दत्ता,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गरिबाला द्यायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मनावर सोडावं, असं तू लिहिलंस. मला ते पटत नाही, दत्ता. सध्या मी ज्यूंचे जुने शेतीविषयक कायदे वाचतोय. त्यांत देणाऱ्याच्या मर्जीला फारशी जागाच ठेवलेली नाही.

तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, सांगते, शेत कापताना कडेचा कोपरा उभाच ठेवा आणि सरवा, म्हणजे कापताना गळालेली कणसं, गोळा करू नका. तो गरिबाचा आणि परमुलखातून आलेल्याचा. रूथ ही मवाब या परक्या मुलखातली विधवा बेथलेहेमात बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, ती याच आधारावर. पुढे साधारण इ. स. २०० च्या सुमारास मिश्ना, म्हणजे ज्यू गुरूंच्या तोंडी परंपरेतल्या नियमांचा ग्रंथ, संकलित झाली. तिनं किती ठेवायचं तेही ठरवून दिलं: निदान ६० वा हिस्सा. कापताना एका जागी दोन कणसं गळाली तर ती गरिबाची, तीन गळाली तर मालकाची. शेतात विसरलेल्या पेंढीसाठी मागे फिरायचं नाही.

मला सगळ्यात भावलं ते पुढचं. एका गरिबाला वेचू द्यायचं आणि दुसऱ्याला अडवायचं, किंवा आपल्या मर्जीतल्याला मदत करायची, असं करणारा मालक गरिबांना लुटतो, असं मिश्ना सरळ म्हणते. म्हणजे हात जोडून उभं राहायला नको, कुणाची खुशामत नको. कोपऱ्यातलं पीक विळ्यानं कापायचं नाही, कुदळीनं उपटायचं नाही, कारण गर्दीत एकमेकांना लागेल. खजुराचं झाड असेल तर मात्र मालकानंच फळं उतरवून वाटायची; वर चढून कुणी पडायला नको. इतका बारीक विचार!

मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत. कर्जापोटी जात्याची तळी गहाण घ्यायची नाही, कारण ते माणसाचं पोटच गहाण घेणं. मळणीच्या बैलाला मुसकं बांधायचं नाही. हे तर तुला मी समजावून सांगायला नकोच.

आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल लोक, शनिवारी धर्माची सुट्टी म्हणून तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. तशीच सुट्टी जमिनीलाही होती: दर ७ व्या वर्षी पेरणी नाही, आपोआप उगवेल ते सगळ्यांना मोकळं. ५० व्या वर्षी विकलेली शेतजमीन मूळ घराण्याकडे परत. म्हणून विकताना किंमत धरायची ती तोवर निघणाऱ्या पिकांची, जमिनीची नव्हे. जमीन देवाची, माणूस तिथं उपरा, अशी त्यामागची धारणा.

७ व्या वर्षी कर्जंही माफ व्हायची. पण ते वर्ष जवळ आलं की सावकार हात आखडता घेऊ लागले, गरिबाला उधार मिळेना. तेव्हा हिल्लेल या गुरूनं तोड काढली: कर्ज न्यायाधीशांच्या हवाली करणारा दस्त लिहायचा, म्हणजे ते बुडत नाही. काहींना ही पळवाट वाटते. मला ती माणुसकी वाटते, कारण त्यानं अडलेल्याची गरज आधी पाहिली. तुझं मत यावर सविस्तर लिही.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल