बाउंडरी वॉटर्सला निघण्याआधी

प्रिय मिलिंद,

ऑगस्टात मुलांना घेऊन बाउंडरी वॉटर्सला, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या रानातल्या तळ्यांवर, जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पण तू आखलेला मार्ग चार दिवसांना झेपणारा नाही. तिथे किलोमीटर मोजून भागत नाही, पोर्टेज मोजावे लागतात. पोर्टेज म्हणजे, एक तळं संपलं की कनू (वल्ह्याची अरुंद, हलकी होडी) आणि सामान खांद्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. नकाशावर हे अंतर रॉडमध्ये लिहितात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कनूची लांबी. सामान एका खेपेत गेलं नाही, तर १०० रॉडची वाट तीनदा तुडवावी लागते: नेताना, रिकाम्या हाताने परतताना आणि पुन्हा नेताना. अर्ध्या किलोमीटरचा दीड किलोमीटर होतो, तोही दगडांतून आणि चिखलातून.

म्हणून माझं ऐक, लेक वन नावाच्या तळ्यावरून आत शिर. ईली गावापासून फर्नबर्ग रोडने पूर्वेला गेलं की रस्ता जिथे संपतो, तिथेच हे प्रवेशद्वार आहे. लेक वन ते लेक टू दोन छोटे पोर्टेज, एक ३० रॉडचा, दुसरा ४०च्या आसपास. पुढे टू, थ्री आणि फोर ही तळी पाण्यानेच जोडलेली आहेत. २०११च्या पगामी क्रीक वणव्यात या पट्ट्यातलं बरंच जंगल जळालं, त्यामुळे पुढच्या तळ्यांवर झाडी कोवळी आहे, सावली कमी. मुलांसाठी टोप्या घे.

आत जायला परमिट लागतं, त्याचं आरक्षण जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी सुरू होतं. लेक वन लवकर भरतं, म्हणून दोन-तीन तारखा हाताशी ठेव. परमिट मिळतं ते फक्त प्रवेशाचं ठिकाण आणि दिवस यांचं. मुक्कामाची जागा राखून ठेवता येत नाही, जो आधी पोहोचेल त्याची. दुपारी दोनच्या आत जागा धरलीस तर निवड करता येते. पाचला पोहोचलास तर भरलेल्या जागांसमोरून वल्हवत राहशील, आणि तेव्हा वाराही वाढलेला असतो. सकाळी सहा-सातला पाण्यात उतर आणि मोठं तळं किनाऱ्याकिनाऱ्याने पार कर. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात हवं, पिशवीवर बांधलेलं नको. कनू उलटली तर तिला धरूनच राहायचं.

भाड्याने केव्हलारच्या (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याच्या) दोन कनू घे. सतरा फुटी कनू वीस किलोच्या आत असते, अॅल्युमिनियमची बरीच जड. प्रत्येकीत एक मोठं माणूस मागे बसेल, मूल पुढे, जड पिशव्या मधोमध तळाशी. केव्हलार खडकावर घासून फाटतं, म्हणून किनाऱ्याला नाक लावून उतरायचं नाही. गुडघाभर पाण्यात कनू आडवी थांबवून पाण्यातच पाय टाकायचा. पाय दिवसभर ओले राहणार हे धरून चाल. पाणी बाहेर निघून जाईल असे बूट घाल, वॉटरप्रूफ बुटांत शिरलेलं पाणी तिथेच राहतं. तंबूजवळ घालायला कोरडी जोडी वेगळी ठेव. जीन्स घरी ठेव. ती वाळत नाही, आणि ऑगस्टातही काही रात्री पारा १० अंशांखाली जातो.

तंबू स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा हवा. तिथे खडकावर मातीचा पातळ थर असतो, खुंट्या आत जात नाहीत. दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. तंबू टाकण्याआधी मान वर करून बघ. वाळलेलं झाड किंवा लोंबणारी फांदी दिसली तर जागा बदल, वादळात माणसं अशाच झाडांखाली दबतात.

खाण्याच्या पदार्थांचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी आहे. तूप आणि लोणचं फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिक बरणीत भर. माणशी एका जेवणाला ७५ ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम मूगडाळ, त्यातच हळद, मीठ, जिरं घालून प्रत्येक रात्रीची पिशवी वेगळी बांध, म्हणजे अंधारात मोजामोजी नको. पिठल्यासाठी बेसन घरीच भाजून ने. सकाळी पोहे किंवा सातूचं पीठ. लसणाची फोडणी तंबूपासून लांब दे, कारण काळी अस्वलं वासावर येतात. खाणं, कचरा, टूथपेस्टसुद्धा रात्री अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेव. दोरीने टांगणार असशील तर जमिनीपासून किमान १२ फूट वर आणि खोडापासून ६ फूट लांब. तशी फांदी तिथल्या पाइनला क्वचित मिळते, म्हणून मी डबाच घ्यायला सांगेन.

पाणी तळ्याच्या मध्यावरून भर आणि फिल्टरने गाळून किंवा उकळूनच प्या. रंग फिक्या चहासारखा दिसला तर घाबरू नकोस, तो झाडपाल्याचा असतो. भांडी तळ्यात धुवायची नाहीत, खरकटं पाणी काठापासून दीडशे फूट लांब जमिनीवर नेऊन ओतायचं.

आत मोबाइलला रेंज धरू नकोस. मार्ग आणि परतायची वेळ कागदावर लिहून मागे कुणाकडे तरी दे. तारखा ठरल्या की कळव, पोर्टेज खुणा केलेला नकाशा पाठवतो.

तुझा,
शिरीष