हॅमॉकवर टार्प बांधण्याचा सराव : रविवारी सकाळी ७ वाजता

सभासदहो,

पावसाळी मुक्कामाआधीचा सराव येत्या रविवारी साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येकाने यायचंच.

- हॅमॉक (दोन झाडांना टांगून झोपायची कापडी झोळी), टार्प (पावसासाठी तिच्यावर छपरासारखं बांधायचं कापड), दोऱ्या, खुंट्या आपापल्या आणा. झाडाला किमान एक इंच रुंद पट्टा. बारीक दोरीने साल कापते. खिळे अजिबात नकोत.
- आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. टार्पची ती बाजू खाली ओढून घ्या.
- हॅमॉकच्या दोन्ही पट्ट्यांना, टार्पच्या आडोशात, सुतळीचा तुकडा बांधा. ओघळणारं पाणी तिथेच टपकतं. नाहीतर थेट अंथरुणात येतं, आणि घाटमाथ्यावर ओल्या अंगाने रात्र काढणं धोक्याचं आहे. हे विसरू नका.
- नायलॉनचा टार्प भिजला की सैलावतो. झोपण्यापूर्वी पुन्हा ताणा.

नवीन सभासदांनी साडेसहालाच यावं, आधी गाठी शिकवू.