चारही डिस्क दिसल्या पाहिजेत

पुणे, रविवार

प्रिय मिलिंद,

परवा फोनवर तू निम्मं माझ्याशी बोललास आणि निम्मं गिऱ्हाइकाशी. मला कळलं ते एवढंच, की शूटिंग साठवायला चार नव्या डिस्क बसवल्या, मशीन सुरू झालं, पण त्यावरच्या लिनक्स सिस्टिमला एकही दिसत नाही, आणि तुझा भाचा ‘फॉरमॅट मारून बघूया’ म्हणतोय. त्याला आधी थांबव. त्याच मशीनमध्ये जुन्या लग्नांच्या शूटिंगची डिस्क लावलेली असताना ‘बघूया’ म्हणून काही मारायचं नसतं. ती डिस्क आज काढून कपाटात ठेव, मग हे पत्र मशीनसमोर बसून वाच. कमांड वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवल्यात, तिथूनच टाइप कर.

मशीन चालू करून प्रत्येक डिस्कला हात लाव. पंख्यांच्या घरघरीत ऐकू काही येणार नाही, पण फिरणारी डिस्क बोटांना बारीक थरथर देते. एखादी गार आणि निपचित लागली तर केबल बदलत बसू नकोस. तू डेटा सेंटरवाल्या डिस्क घेतल्यास ना? त्यातल्या काहींमध्ये पॉवर कनेक्टरची तिसरी पिन डिस्क बंद करण्यासाठी वापरतात. तिथे ३.३ व्होल्ट आले की डिस्क फिरायचीच नाही. तुझा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, जुन्या वळणाचा, तो त्या पिनवर इमानेइतबारे ३.३ व्होल्ट सोडत असणार. दोन्ही स्थळं चांगली, पण पत्रिका जुळत नाही! यावर मोलेक्स (जुना चार पिनांचा पॉवर कनेक्टर) ते साटा (डिस्कचा कनेक्टर) अडॅप्टर लाव, मोलेक्समध्ये ३.३ व्होल्टची तारच नसते. फक्त अखंड प्लास्टिकमध्ये ओतलेला स्वस्तातला आणू नकोस, ते तापून वितळतात. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेला माग.

चारही फिरत असतील तर मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं, डिस्क जोडायचं कार्ड. त्याची केबल बघ, एका टोकाला जाड कनेक्टर आणि दुसरीकडे साटाची चार टोकं. ही केबल दोन प्रकारची येते, फॉरवर्ड आणि रिव्हर्स. दिसायला जुळी, पण कार्डाकडून डिस्ककडे जायला फॉरवर्डच लागते. पाकीट फेकलं असशील तर दुकानदाराला विचार. केबल बरोबर असेल तर कार्ड रेड मोडमध्ये असणार. रेड म्हणजे अनेक डिस्क जुंपून त्यांचा एकच संच, म्हणजे अ‍ॅरे, करायची पद्धत. त्या मोडमध्ये कार्ड डिस्क आपल्याच ताब्यात ठेवतं. त्याच्या मेन्यूत जाऊन व्हर्च्युअल डिस्क बनवेपर्यंत लिनक्सला काही कळू देत नाही. मशीन सुरू होताना कार्डाच्या पडद्यावर चारही डिस्कची नावं दिसली आणि पुढे लिनक्समध्ये गायब झाली, तर बहुधा हेच.

तू म्हणशील, मग कार्डालाच अ‍ॅरे बनवू दे की. माझं मत विरुद्ध आहे. उद्या ते सेकंडहँड कार्ड गेलं तर अ‍ॅरे वाचायला त्याच घराण्यातलं दुसरं कार्ड शोधत फिरावं लागेल. कार्ड एचबीए मोडमध्ये टाक, म्हणजे ते डिस्क जशाच्या तशा पुढे देईल. अ‍ॅरे लिनक्सच्या एमडीएडीएम या प्रोग्रॅमने बनवू. अ‍ॅरेची माहिती प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीलाच लिहिलेली राहते. मशीन बदललं तरी दुसऱ्या लिनक्स मशीनला त्या डिस्क लाव, अ‍ॅरे ओळखला जातो.

आता डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड चालव. चार टीबीची डिस्क ३.६ दिसेल. दुकानदाराशी भांडू नकोस, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि लिनक्स १०२४ च्या. फाइल मॅनेजरमध्ये अजून काही दिसणार नाही, कारण डिस्क कोऱ्या आहेत. पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांची नोंद, जीपीटी प्रकारचंच घे. जुन्या एमबीआर प्रकारात सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या जागेच्या तुकड्याचा, नंबर ३२ बिटांचा, सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे गाडी दोन टीबीला अडते. प्रत्येक डिस्कच्या शेवटी शंभरेक एमबी मोकळे सोड. उद्या बदली डिस्क दुसऱ्या कंपनीची आली आणि चार सेक्टरने लहान निघाली, तर अ‍ॅरे ती घेणार नाही.

एकच मोठी डिस्क का नको, असं तू विचारलं होतंस. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्क एकत्र जुंपायची कल्पना मांडली, ती स्वस्तात वेग मिळावा म्हणून, आणि एक गेली तरी काम थांबू नये याची सोयही त्यातच घातली. तुझ्यासाठी रेडच्या प्रकारांतला रेड ६. रेड ५ मध्ये १२ टीबी मिळतील, इथे ८ च, पण कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी शूटिंग शाबूत राहतं. रेड १० सुद्धा ८ च देतो, पण तिथे डिस्क जोडीजोडीने एकमेकींची नक्कल ठेवतात, आणि एका जोडीतल्याच दोन्ही गेल्या तर संपलं. ऐन लग्नसराईत एक डिस्क गेली की नवी भरून निघेपर्यंत बाकीच्यांवर ताण येतो. सेकंदाला दीडशे एमबीने धरलं तरी चार टीबीला साडेसात तास लागतात, आणि तू मशीनला तेवढी उसंत देणार नाहीस, हे मी जाणतो.

अ‍ॅरे बनला की त्याची स्थिती सांगणारी एमडीस्टॅट फाइल उघड. कंसात चार ‘यू’ दिसले की चारही हजर. एकाच्या जागी खालची रेघ आली की ती डिस्क गेली. पहिलं सिंक, म्हणजे चारही डिस्कची आपसातली जुळणी, चालू असतानाही वापरता येईल, पण रात्रभर सोडलंस तर बरं.

यापुढची पायरी लोक विसरतात. अ‍ॅरेचं वर्णन कॉन्फिग फाइलमध्ये लिहून इनिटरॅमएफएस, म्हणजे मशीन सुरू होताना आधी वाचली जाणारी फाइल, अपडेट करायचं. नाहीतर रीबूटनंतर अ‍ॅरेचं नाव एमडी० चं एमडी१२७ होतं आणि माणूस घाबरतो. फाइल सिस्टिम, म्हणजे फायली मांडून ठेवायची पद्धत, एक्सएफएस घे, तिथे फार विचार नको. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्याची यादी) नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिही आणि पुढे ‘नोफेल’ जोड, म्हणजे अ‍ॅरे रुसला तरी मशीन सुरू होईल.

प्रत्येक डिस्कच्या दर्शनी बाजूला तिच्या सिरियल नंबरची चिठ्ठी आजच चिकटव. लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीबी, एसडीसी ही नावं रीबूटला बदलू शकतात. एक डिस्क गेली असताना घाईत भलतीच उपसलीस, तर दोन गेल्या. आणि डिस्क गेल्याची मेल यायची सोय कागदाच्या शेवटी आहे, तिथे वहिनींचा पत्ता टाक. तुझी इनबॉक्स कोण बघतं!

जुन्या डिस्कवरचं सगळं अ‍ॅरेवर उतरलं तरी ती पुसू नकोस, घरी नेऊन ठेव. चुकून डिलीट झालेली फाइल रेड ६ परत आणत नाही. एमडीस्टॅटचा फोटो पाठव, आणि पिनची शंका खरी ठरली का तेही कळव. काकूंना नमस्कार सांग. गणपतीत येतोय, तेव्हा नवं एसएमपीएसही घेऊन येईन.

तुझा,
श्रीकांत